टोडची पाळी आणि इलेनाची पत्रं: एक प्रकरण अभ्यास

नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्या नानांनी मजकूर दोनदा वाचला, तीन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं आणि मग परवानगी दिली.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नैऋत्येकडचं आमचं गाव लहान आहे. गावाबाहेर एक अरुंद रस्ता आहे, त्याच्या वरच्या अंगाला झाडी आणि कुरणं, खालच्या अंगाला जुनं तळं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत, दिवस मावळल्यावर हवा दमट असली आणि पारा ५-७ अंशांच्या वर राहिला, की झाडीत थंडी काढलेले टोड तळ्याकडे निघतात. टोड म्हणजे अंगावर चामखिळी उठल्यासारखा खडबडीत, उड्या मारण्यापेक्षा चालणं पसंत करणारा बेडूक. मराठीत आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो आणि त्यावाचून आजवर कुणाचं अडलेलं नाही. इथे मात्र फरक करावा लागतो, कारण टोड हट्टी असतो. वाटेत दुसरं चांगलं डबकं लागलं तरी तो पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या तळ्यावरच जातो. मध्ये रस्ता आला तर रस्ता ओलांडून जातो.

रस्त्यावर त्याचे हाल होतात. तो सावकाश चालतो. त्यात नरांची आणखी एक खोड: उघड्यावर माद्या लवकर दिसतात म्हणून ते डांबरावरच ठाण मांडून बसतात. फूटपाथच्या कडेने चालत गेले तर पावसाच्या पाण्याच्या जाळीतून गटारात पडतात आणि वर येता येत नाही. ब्रिटनच्या रस्त्यांवर दरवर्षी सुमारे २० टन टोड चिरडले जातात असा फ्रॉगलाइफ या संस्थेचा अंदाज आहे. स्वयंसेवकांच्याच नोंदींवर आधारलेल्या २०१६च्या एका अभ्यासात, तीस वर्षांत इथले टोड सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. बाथजवळची चार्लकोंब लेन या हंगामात काही आठवडे वाहनांना बंदच ठेवतात. हेन्लीजवळ हॅम्बल्डन इथे १९८७मध्ये टोडसाठी रस्त्याखालून बोगदे काढले. आमच्या गावाकडे यातलं काही नाही. लाल त्रिकोणात टोडचं चित्र असलेली एक पाटी आहे आणि आम्ही पंधराजण आहोत.

आमचं काम सोपं आहे. चमकती जाकिटं घालायची, टॉर्च आणि बादली घ्यायची, टोड उचलायचा, तो ज्या दिशेला तोंड करून होता त्याच दिशेला पलीकडे सोडायचा, वहीत नर, मादी आणि मेलेले असे तीन आकडे लिहायचे. दुसऱ्या तळ्यावर नेऊन सोडायचं नाही, त्याने रोग पसरतात. मी सावंतवाडीची. पावसाळ्यात आंबोली घाटात गाडीच्या दिव्यात रस्ता हलताना पाहिला होता, पण तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. तिथल्या कातळावरच्या डबक्यांत वीण करणारा आंबोली टोड जगात जवळपास तेवढ्याच भागात सापडतो आणि त्याला २००९मध्ये आजचं शास्त्रीय नाव मिळालं, हे मला इथे इंग्लंडमध्ये बादली हातात घेतल्यावर कळलं. सांगितलं कोणी, तर नानांनी.

नाना मूळचे कोल्हापूरचे. १९७३मध्ये इथे आले, चाळीस वर्षं याच भागात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. गटात खरं तर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आधी आल्या. त्यांची निळी बादली होती, तिच्यावर पांढऱ्या रंगाने देवनागरीत ‘सुमन’ लिहिलेलं. (हे नावही बदललेलं आहे. बादली निळीच होती.) २०२२च्या शेवटी काकू गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत नाना तीच बादली घेऊन रस्त्यावर उभे राहिले. काही न वाचता ते कामाला लागणारे नव्हेत. वर्षभरात टोडविषयी गटातल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त माहिती झाली आणि गटाचं छोटं वार्तापत्र तेच लिहू लागले. पहिल्याच अंकात काकूंवर एक पान होतं, बादलीसकट. तो अंक आम्ही सगळ्यांना वाचता येईल असा इंटरनेटवर ठेवला. ही नोंद मुद्दाम इथे करते आहे, पुढे तिचं काम आहे.

पत्रं

गटाचा ईमेल पत्ता उघडा होता. टोड दिसला तर कळवा म्हणून तो पाटीवर, पत्रकांवर, सगळीकडे छापलेला. त्यामुळे टोडपेक्षा प्रेमपत्रंच जास्त यायची. ‘प्रिय जिवलगा, मी ३२ वर्षांची एकाकी स्त्री असून तुमचा फोटो पाहिल्यापासून मला झोप नाही.’ फोटो कुणाचा, तर आमच्या पत्त्यावर टोडचा होता. येमेनमधला लष्करी डॉक्टर, तेलविहिरीवरचा विधुर इंजिनिअर, बापाचं सोनं घानामध्ये अडकलेली मुलगी. ही पात्रं ठरलेली असतात, तमाशातल्या मावशीसारखी. आपल्याकडची मावशी वेगळी: परदेशी मित्राने पाठवलेलं पार्सल दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये अडकतं आणि सोडवायला पैसे भरावे लागतात. पुण्यातल्या माझ्या आतेबहिणीला असा फोन आला होता.

साडेआठला चहाची सुट्टी असायची. थर्मासभोवती आम्ही जमायचो आणि आमचा प्रमुख ग्रॅहम आठवड्यातलं सर्वोत्तम पत्र नाटकी आवाजात वाचून दाखवायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची. ‘असल्याला कोण फसतं?’ हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारायचंच. नानाही हसायचे.

टपाल पाहायची पाळी आळीपाळीने असायची. फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात ती माझी होती. एक पत्र वेगळं आलं. इलेना नावाच्या बाईने स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की ती पाणथळ जागांचा अभ्यास करते, सध्या तुर्कस्तानात कंत्राटी कामावर आहे, आमचं वार्तापत्र तिला आवडलं आणि तिला एक विचारायचं आहे: माझ्या बागेत सुंदर तळं असताना टोड तिथे का राहत नाही, जीव धोक्यात घालून जुन्याच तळ्याकडे का जातो? त्यात प्रेम नव्हतं, फोटो नव्हता, पैशांचा विषय नव्हता.

मी ते नानांकडे पाठवलं. वर लिहिलं: ‘नाना, हे तुमचं खातं.’

या प्रकरणातला पहिला निर्णय तो आणि तो माझा. वाईट हेतू नव्हता, निष्काळजीपणाही फारसा नव्हता. कच्ची, विनोदी पत्रं आम्ही इतकी पाहिली होती की फसवणूक म्हणजे कच्ची आणि विनोदीच, असं डोक्यात बसलं होतं. चांगलं लिहिलेलं पत्र आमच्या चाळणीतून आपोआप खाली आलं. आज असं पत्र कुठलाही संगणक मिनिटात लिहून देतो.

अडचण

८ मार्चला हवा ९ अंश, भुरभुर पाऊस. टोडची सगळ्यात मोठी रात्र होती, आम्ही २१२ उचलले. पावणेनऊच्या सुमाराला वळणावर जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला. नाना रस्त्याच्या मधोमध उभे होते. टॉर्च बंद, बादली खाली, तोंडावर फोनचा उजेड. गाडी हातभर अंतरावर थांबली होती. चालवणारी मुलगी थरथरत होती. नाना तिचीच नाडी बघायला लागले.

नंतर कुंपणाशी बसवून मी विचारलं, “नाना, कोणाचा फोन एवढा?”

“अगं, इलेना नऊच्या आत झोपते. तिकडे तीन तास पुढे आहे ना.”

तीन आठवड्यांत किती पुढे गेलं होतं ते थोडं तेव्हा आणि बाकीचं बरंच नंतर कळलं. पहिल्या प्रश्नाला नानांनी चार पानांचं उत्तर दिलं होतं. इलेनाने ते वाचून तीन पानं लिहिली. पाचव्या दिवशी ‘इथे नेट नीट नाही’ म्हणून गप्पा व्हॉट्सॲपवर गेल्या. चौथ्या की पाचव्या पत्रात तिने लिहिलं होतं: काल स्वप्नात मला एक निळी बादली दिसली, आत काही नव्हतं, पण ती उबदार होती, याचा अर्थ तुम्हाला कळतो का?

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नानांच्याही आला होता, पण वेगळा. त्यांना तो कौल वाटला. बादलीचा उल्लेख आमच्याच वार्तापत्रात आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, जरी ते पान त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

तोवर पैसेही गेले होते. आधी ‘नेट पॅकसाठी’ भेट कार्डं, सगळी मिळून ४५० पौंड. कार्डं दुकानातून घ्यायची, मागचा क्रमांक खरवडून फोटो पाठवायचा, संपलं. मग आवाज टिपणारी यंत्रं कस्टममध्ये अडकली. ती सोडवायला बर्मिंगहॅममधल्या ‘एजंट’च्या खात्यावर १,९०० आणि नंतर ३,४०० पौंड. बँकेच्या ॲपने नाव जुळतं का ते तपासलं. ते जुळलं, कारण नानांना एजंटचंच नाव दिलेलं होतं. खातं खऱ्या माणसाचं असतं, बहुधा भाड्याने दिलेलं. ‘हा व्यवहार फसवणुकीचा असू शकतो’ ही सूचना त्यांनी दोन्ही वेळा बाजूला सारली. हे सगळं ८ मार्चच्या आधीचं.

समोर काय काय होतं

त्या रात्री ग्रॅहम आणि मी त्याच्या गाडीत बसून बोललो. वाट अशी सरळ एकही नव्हती.

मुलाला कळवावं का? नानांचा मुलगा टोरांटोत. पण त्याला परस्पर कळवलं तर नाना आयुष्यात पुन्हा बोलणार नाहीत याची मला खात्री होती. शिवाय शहाणा, कमावता, पूर्ण शुद्धीवरचा माणूस आपला पैसा कुणाला देतो याची चुगली करणारे आम्ही कोण?

बँकेला सांगावं का? इथे १५९ हा क्रमांक फिरवला की आपापल्या बँकेच्या फसवणूक विभागाशी जोडून मिळतो, पण तो खातेदाराने फिरवायचा असतो. तिसऱ्याने कळवलेलं बँक ऐकून घेते, त्यावर काय केलं ते सांगत नाही. पोलिसांचंही तेच, फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या तेव्हाच्या ॲक्शन फ्रॉड या केंद्राकडे ज्याचे पैसे गेले त्याने तक्रार केली तर तिला बळ यायचं. आणि नानांच्या मते त्यांचे पैसे गेलेच नव्हते.

थांबून पाहणं हाही एक पर्याय ग्रॅहमने मांडला. तो मला त्या वेळी भित्रेपणा वाटला. नंतर जे झालं ते पाहता, नुसतं थांबलो असतो तरी आम्ही केलं त्यापेक्षा वाईट झालं नसतं.

काय केलं

पहिलं पाऊल चुकलं. दुसऱ्या दिवशी ग्रॅहमने नानांना प्रेमाच्या नावावरील फसवणुकीची माहिती देणारे तीन दुवे पाठवले आणि मी खाली लिहिलं, ‘नाना, प्लीज वाचा, काळजी वाटते.’ पाटी लावल्यासारखं. टोडला पाटी वाचता येत नाही, ती गाडीवाल्यासाठी असते. आम्ही मात्र पाटी टोडसमोर धरली होती.

नानांनी उत्तर दिलं नाही. पाळीच्या तक्त्यातून नाव काढून घेतलं. फोन उचलेनात. दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत ४,२०० पौंड थेट तुर्कस्तानातल्या खात्यावर गेले. ‘तुझी माणसं आपल्यावर जळतात, त्यांना काही सांगू नकोस’ असं इलेनाने लिहिलं होतं आणि तिच्या म्हणण्याला पुरावा आम्हीच पुरवला होता.

१९ मार्चला मी थालीपीठं आणि लोण्याचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. ठरवून गेले होते की ‘फसवणूक’ हा शब्द काढायचा नाही. नाना दारात म्हणाले, “समजवायला आली असशील तर डबा ठेव आणि जा.”

“समजवायला नाही. इलेनाबद्दल ऐकायला आले.”

दोन तास ऐकलं. हे अवघड गेलं. मधे बोलायला जीभ शिवशिवत होती. पण त्या दोन तासांत जे कळलं ते तीन दुव्यांत नव्हतं. नाना रात्री तीनला जागे होतात. काकू शेवटचे चार महिने रात्री तीनला औषधासाठी उठायच्या, ती जाग गेलेली नाही. इलेनाचा निरोप तीनला आलेला असायचा. ‘उठलास का?’ एवढाच. माझ्या फोनवर रात्री तीनला नानांसाठी असं काही कधी गेलं नव्हतं आणि जाणारही नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. निघताना मी विचारलं, “आम्हाला आधी का नाही बोललात?”

“कुठे बोलायचं? चहाच्या सुट्टीत? ग्रॅहमने वाचून दाखवायला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी एकच सुचवलं आणि तेही टोडचंच निघालं. नर टोडला दुसऱ्या नराने चुकून मागून धरलं की तो बारीक, तुटक चिवचिव करतो. ‘सोड, मी मादी नाही’ एवढाच त्याचा अर्थ. नरांना घाईत बूट, मासा, काहीही मिठीत घ्यायची सवय असते, म्हणून हा आवाज ऐकू येतोच येतो. ज्याने तळ्याकाठी एक रात्र काढली त्याला तो ठाऊक असतो. नानांकडे त्याचं ध्वनिमुद्रण होतं. मी म्हटलं, यंत्रं सुटली की ती हेच टिपणार ना, तिला ऐकवा की, काय म्हणते बघू.

नानांनी माझ्यासमोर पाठवलं. उत्तर संध्याकाळी आलं: ‘किती हळुवार प्रणयगीत! तो तिला बोलावतो आहे, जसा तू मला.’

मला वाटलं, झालं, संपलं. अजिबात संपलं नाही. नानांनी लगेच कारण शोधलं: तिचं मुख्य काम वनस्पतींवर आहे, ध्वनीवर नाही. चाळीस वर्षं निदान करणाऱ्या माणसाने नको असलेलं लक्षण कसं गुंडाळून ठेवलं ते मी समोर बसून पाहिलं. पण तो आवाज त्यांच्या कानातून गेला नसावा.

२४ मार्चला ते बँकेच्या शाखेत गेले, ११,००० पौंड पाठवायला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कशासाठी? इलेनाने पढवून ठेवलं होतं, ‘घराचं छप्पर’ म्हणून सांग. नाना पुढे मला म्हणाले, “चाळीस वर्षं पेशंट माझ्याशी खोटं बोलले. किती पितो, किती ओढतो, सगळं. मला चेहऱ्यावर कळायचं. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी पेशंटच्या खुर्चीत होतो.” ते छप्पर म्हणालेच नाहीत. गप्प उभे राहिले. मुलीने त्यांना आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि पोलिसांना फोन केला. इथे बँका आणि पोलीस यांच्यात बँकिंग प्रोटोकॉल नावाची व्यवस्था आहे: ग्राहक फसतोय असा काउंटरवर संशय आला तर कर्मचारी थेट पोलिसांना बोलावू शकतात. अर्ध्या तासात साध्या कपड्यातली एक पोलीस अधिकारी आली. तिनेही दुवे दिले नाहीत. तिने विचारलं, “ती तुमच्याशी व्हिडिओवर कधी बोलली?” नाना म्हणाले, “नाही.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “तो प्रणयाचा आवाज नव्हता.” अधिकाऱ्याला त्याचा अर्थ कळला नाही. तिने तो तसाच टिपून घेतला.

तिथूनच नानांनी मला फोन केला. “ये. आणि ग्रॅहमला आणू नकोस.”

निष्पत्ती

एकूण ९,९५० पौंड गेले होते. ७ ऑक्टोबर २०२४पासून इथे नियम असा आहे की, फसवून ग्राहकाकडूनच देशातल्या खात्यावर पाठवून घेतलेले पैसे बँकेने परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत, आणि ते ओझं पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मं निम्मं उचलायचं. तक्रार १३ महिन्यांच्या आत हवी. बँक १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते. बर्मिंगहॅमचे ५,३०० त्यात बसले, ५,२०० परत आले. तुर्कस्तानला गेलेले ४,२०० बसले नाहीत, कारण परदेशी व्यवहाराला हा नियम लागू नाही. भेट कार्डंही बसली नाहीत. शेवटी ४,७५० पौंडांचा खड्डा राहिला. म्हणजे आमच्या त्या तीन दुव्यांनंतरच्या दहा दिवसांत जे गेलं, तेच जवळजवळ सगळं कायमचं गेलं. हा हिशेब नानांनीच मांडून दाखवला, आकस न ठेवता. मला तो अजून टोचतो.

तीन आठवड्यांनी नवीन पत्र आलं. एका ‘वसुली वकिला’चं: तुमचे पैसे शोधून काढले आहेत, आधी शुल्क भरा. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे जातात, त्यामुळे हा दुसरा फेरा यायचाच. नानांनी ते न उघडता मला फोन केला. आम्ही ते संशयास्पद ईमेल गोळा करणाऱ्या सरकारी सायबर केंद्राच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

मुलाला नानांनी स्वतः सांगितलं, मे महिन्यात. मुलगा चिडला, आमच्यावर जास्त.

त्या हंगामात आम्ही १,१४० टोड पलीकडे नेले. ९६ मेले. १० ते १८ मार्चच्या वहीत नानांच्या पट्ट्यावर कुणी नव्हतं, तिथे ३१ मेलेले एकट्या त्या आठवड्यात.

पुन्हा करायचं झालं तर

इलेनाचं पत्र मी नानांकडे पाठवलं नसतं का? बहुधा पाठवलंच असतं. पण त्याआधी ‘ही बाई कोण, कुठल्या संस्थेतली?’ एवढं उलट विचारलं असतं. आता टपाल दोघं मिळून पाहतात. पाटीवरचा उघडा पत्ता काढला आहे, त्याजागी भरायचा अर्ज आहे. त्यामुळे कचरा कमी झाला, थांबला नाही. काकूंवरचं पान नानांच्या संमतीने इंटरनेटवरून उतरवलं. त्यांना ते जड गेलं आणि मला अजून कळत नाही की तो निर्णय बरोबर होता की नाही. शोक करणाऱ्याने चारचौघांत शोक करूच नये, असं काही आपल्याला म्हणायचं नसतं. तरीही मेलेल्या माणसाची बादली कुठल्या रंगाची हे अख्ख्या जगाला ठाऊक असण्याची गरज नसते.

८ मार्चच्या रात्री, गाडी हातभर अंतरावर थांबली होती तेव्हाच, त्यांच्यासोबत घरी जायला हवं होतं. माणूस हादरलेला असतो तेव्हा बोलतो. आम्ही मात्र गाडीत बसून त्यांच्याबद्दल बोलत राहिलो. १९ तारखेला जे केलं ते ९ तारखेला करता आलं असतं. त्यासाठी थालीपीठाखेरीज काही लागणार नव्हतं.

चहाच्या सुट्टीतलं वाचन ग्रॅहमने बंद केलं. त्याला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही. ती पत्रं खरोखर विनोदी होती. पण ‘असल्याला कोण फसतं?’ असं आम्ही थर्मासभोवती दर आठवड्याला विचारत होतो, तेव्हा ज्याच्याकडे उत्तर होतं तो माणूस आमच्यातच हातात कप घेऊन उभा होता. बँकेची सूचना, आमचे दुवे, मी केलेली आर्जवं यांपेक्षा त्या हसण्याने त्यांना जास्त गप्प केलं, असं माझं मत आहे. नाना म्हणतात, नाही, मला तसंही कुणाला सांगायचं नव्हतं. ते सौजन्याने बोलतात की खरं, हे मी ओळखू शकत नाही. चाळीस वर्षं पेशंट पाहण्याचा सराव मला नाही.

रात्री तीनचा प्रश्न सुटलेला नाही. गटातल्या एका परिचारिकेची रात्रपाळी असते, ती कधीमधी नानांना निरोप टाकते. रोज नाही.

या जानेवारीत नव्या वार्तापत्राची जुळवाजुळव चालू असताना नानांनी चार पानं पाठवली. टोड बागेतलं तळं सोडून जुन्याच तळ्याकडे का जातो, याचं उत्तर. इलेनाला लिहिलं होतं तेच, एक शब्द न बदलता. ग्रॅहम चपापला. हे छापायचं? मी नानांना विचारलं. ते म्हणाले, “प्रश्न चांगला होता गं. विचारणारं कोणीही असो.”

आम्ही ते छापलं. वर लिहिलं: ‘एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर.’